कुलूप न लावलेलं घर

पहिला दिवस : कोलंबो ते पुत्तलम

फेब्रुवारी 2019. माझ्या बॅगेत माझं सामान थोडं आणि दुसऱ्यांचंच जास्त होतं. गुडघ्याला बांधायचे दोन पट्टे, रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांचे चार डबे, मोठ्या आकड्यांचं एक मनगटी घड्याळ आणि शिवणयंत्राच्या सुयांची पाकिटं. हे सगळं टोरांटोहून माझ्या मैत्रिणीने कल्याणला माझ्या घरी पाठवलं होतं. थेट आईला, श्रीलंकेच्या उत्तरेला जाफनाला, का पाठवत नाहीस, असं मी विचारलं नाही. सामान हे निमित्त होतं. कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघून यावं, एवढंच तिला हवं होतं.

आम्ही दोघी 1997 ते 99 चेन्नईच्या एका हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायचो. ती जाफनाची, तिथले लोक म्हणतात तसं ‘याळप्पाणम’ची. उशाखाली कापडी पिशवी घेतल्याशिवाय ती झोपत नसे. मला वाटायचं, पैसे असतील. वर्षभराने कळलं की पिशवीत जन्मदाखला, दहावीचं गुणपत्रक आणि आईवडिलांचा फोटो आहे, बस्स. मी हसले होते. ती चिडली नाही, पण पिशवीही तिने उशाखालून काढली नाही. माझं मोडकंतोडकं तमिळ त्या खोलीतलं.

जाफनाच्या आधी पुत्तलमला उतर, असं तिने बजावलं होतं. सुया तिथे द्यायच्या होत्या. जाफनात लहानपणी तिचे शाळेचे कपडे शिवणारे शिंपी आता तिथे राहतात. ती त्यांना ‘नाना’ म्हणते. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा. श्रीलंकेतल्या मुसलमानांमध्ये नाना म्हणजे थोरला भाऊ. पहिल्याच वाक्यात मला ती हाक परकी वाटली नाही.

कोलंबोच्या पेट्टाहून बस. नेगोंबो, चिलाव, नारळाच्या बागा, मग खाजण, मिठागरं आणि रस्त्यावर निवांत फिरणारी गाढवं. पुत्तलमच्या गाढवांना कुणी हाकलत नाही.

नानांचं घर पक्कं आहे, पण ते बांधायला त्यांना जवळपास वीस वर्षं लागली. त्याआधी नारळाच्या बागेत झावळ्यांची झोपडी होती. तो पट्टा गावात अजून ‘मुहाम’ म्हणूनच ओळखला जातो. तमिळमध्ये छावणीला मुहाम म्हणतात. आपला ‘मुक्काम’ आणि हा मुहाम एकाच घरचे, पण आपला मुक्काम दुसऱ्या दिवशी सकाळी हलतो. मी कल्याणची. पलीकडच्या उल्हासनगरात रिक्षावाला अजून ‘कॅम्प चार, कॅम्प पाच’ असं ओरडतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फाळणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचा तो कॅम्प होता, हे मलाही चौथी-पाचवीत कळलं. तोवर ते रिक्षाचं भाडं ठरवायचं नाव होतं.

30 ऑक्टोबर 1990 ला जाफनाच्या मुस्लिम वस्तीत भोंगा लावलेल्या गाड्या फिरल्या. सगळ्यांनी उस्मानिया कॉलेजच्या मैदानावर या. नानांना वाटलं, मीटिंग असेल. ते गळ्यातली मापाची पट्टी न काढताच गेले. मैदानावर वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईने सांगितलं : दोन तासांत शहर सोडा. कपडे आणि शे-पाचशे रुपये न्या, बाकी सगळं इथेच राहील. बाहेर पडताना झडती झाली, बायकांच्या कानांतलंही काढून घेतलं. त्या महिन्यात उत्तर प्रांतातून अशी सुमारे 72 हजार माणसं हाकलली गेली. मन्नारची समुद्रमार्गे कल्पिटियाला उतरली, जाफनाची लॉरीने आणि पायी खाली आली. बहुतेक सगळी या पुत्तलम जिल्ह्यात थांबली.

“चुलीवर भात होता,” नानांची बायको म्हणाली. “मी विस्तव पाण्याने विझवून आले. आग नको लागायला.”

सुयांची पाकिटं नानांनी उघडून नंबर बघितले, मान हलवली आणि आत जाऊन एक वही आणली. शाळेची, ऐंशी पानी, कडा तेलकट झालेल्या. पुत्तलमला पोचल्यावर आठवडाभरात लिहायला घेतलेली. कधीतरी भरपाई मिळेल तेव्हा विसरायला नको म्हणून. मी परवानगी घेऊन दोन पानांचा फोटो काढला.

शिवणयंत्रं, पायाची, तीन. हाताचं, एक. कात्री, मोठी, एक. इस्त्री, कोळशाची. सागवानी कपाट, एक, दाराला आरसा. बकऱ्या, दोन, त्यातली एक गाभण. पितळी हंडा. आणि मग अर्धं पान गिऱ्हाइकांचं कापड : अकरा जणांचं, नावानिशी, कुणाचं किती वार. सातव्या नंबरावर माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं नाव होतं. ‘मुलीचा पांढरा गणवेश, एक, बाही लावायची बाकी.’

“हे भरपाईत नाही येत,” नाना म्हणाले. “हे माझ्याकडून देणं आहे.”

अठ्ठावीस वर्षं घर कसं चाललं, ते बायकोने सांगितलं. नाना सांगत नाहीत. ती पहाटे तीनला उठून इडियप्पम करायची, थोरला मुलगा ते डोक्यावरून विकायचा आणि मग मिठागरावर जायचा. दुकान असलेला माणूस दुसऱ्याच्या दुकानात नगावर शिवायला बसला. पाण्यावरून स्थानिकांशी भांडणं झाली. तेही मुसलमान, हेही मुसलमान, पण विहीर एकच आणि बादल्या दुप्पट. शाळेत मुलांना ‘अहदि’ म्हणायचे, निर्वासित. नातवाला अजून म्हणतात, तो इथे जन्मून.

युद्ध संपल्यावर नानांनी जाफनात परत दुकान थाटून पाहिलं. सात महिने. मुलं काही आली नाहीत. त्यांची कामं इथे, बायका इथल्या. तिकडे लोक म्हणायचे, तुमचं पुत्तलमला घर आहे ना? इथे म्हणतात, तुम्ही उत्तरेचे ना?

निघताना त्यांनी विचारलं, “तिच्या बाबांनी तो सदरा नंतर कुणाकडे शिवायला टाकला?” सदरा कुठला, मला ठाऊक नव्हतं. विचारून सांगते म्हटलं.

दुसरा दिवस : पुत्तलम ते जाफना

सकाळी बसने अनुराधापुर, तिथून गाडी. या रुळांवरून जाफनापर्यंत जाणारी ‘याळ देवी’ जून 1990 मध्ये बंद पडली ती 13 ऑक्टोबर 2014 ला पुन्हा पोचली. मधल्या काळात रूळ आणि स्लीपर उखडून बंकरांवर घातले गेले. नवे रूळ भारताच्या कर्जातून आपल्याच इरकॉन कंपनीने टाकले. डब्यात कौतुकाने हे सांगणारे काका मी भारतीय आहे म्हणून सांगत होते की आणखी कशासाठी, ते कळलं नाही.

वावुनियानंतर हिरवळ कमी होत जाते. किलिनोच्चीला पाडलेली पाण्याची टाकी अजून आडवी पडलेली. एलिफंट पासला दोन्ही बाजूंना उथळ पाणी, मधून एक बारीक पट्टी. ज्याच्या हातात ही पट्टी, त्याच्या हातात जाफना, हे नकाशावर वाचलेलं खिडकीतून दिसलं की पटतं. मुहमालैजवळ सुरुंग काढण्याचं काम चालू होतं. कवटीच्या लाल पाट्यांच्या पलीकडे ताडाची झाडं होती, काहींना शेंडाच नव्हता.

संध्याकाळी अम्माकडे, म्हणजे मैत्रिणीच्या आईकडे. तिने मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, “पिळ्ळै, फोटोत जाड दिसत होतीस.” याळप्पाणमला मुलीला ‘पिळ्ळै’ म्हणतात, लेकरू. माझी पन्नाशी दोन वर्षांवर आली आहे.

तिसरा दिवस : जाफना

अम्मा बहात्तर वर्षांची, एकटी राहते. घर कौलारू, पुढे अंगण, मागे विहीर, बैठकीत एक उंच सागवानी कपाट आणि तीन देशांतल्या नातवंडांचे फोटो. मुलगा पॅरिसला, मुलगी टोरांटोला, धाकटी मुलगी लंडनला. घरात बोलताना ‘काल रात्री’ म्हटलं की कुणाची रात्र, हे आधी ठरवावं लागतं.

घर तिचं नाही, मुलीचं आहे. हे मला नव्याने कळलं. जाफनाच्या तमिळांत घर मुलीला ‘सीदनम’ म्हणून मिळतं. तिथला जमीनजुमल्याचा रिवाज, देसवळमै, डचांनी 1707 मध्ये लिहून काढला आणि तो आजही कायद्याने चालतो. मुलगी टोरांटोत लग्न करून तिथेच राहिली तरी खरेदीखतावर, इथल्या भाषेत ‘उरुदि’वर, नाव तिचंच चढलं. “मी इथली वॉचमन,” अम्मा म्हणाली. “पगार डॉलरमध्ये.” मग लगेच गंभीर झाली. युद्धात घर गेलं म्हणजे नुसतं छप्पर गेलं नाही, मुलीचं लग्न अडलं. शेजारच्या चार बहिणींचं असंच झालं. आईकडे चार घरं होती, चारही लष्कराच्या हद्दीत. थोरल्या दोघी तशाच राहिल्या.

दुपारी एकटीच शहरात गेले. वाचनालय पाहिलं. 31 मे 1981 च्या रात्री ते जाळलं गेलं, सुमारे 97 हजार पुस्तकं आणि ताडपत्रं गेली. आता पांढरंशुभ्र बांधून काढलंय, दारात सरस्वती. सगळेच तिथे फोटो काढतात, मीही काढला. सांगण्यासारखं वेगळं काही माझ्याकडे नाही.

येताना सरकारी रुग्णालयावरून आले. घरी अम्माला तसं म्हटलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. 1987 च्या जूनमध्ये भारताच्या विमानांनी या शहरावर अन्नधान्याची पोती टाकली. माणसं गच्चीवर जाऊन हात हलवत होती. ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, शांतिसेना म्हणून आलेले त्याच देशाचे सैनिक त्या रुग्णालयात शिरले आणि रुग्ण, डॉक्टर, नर्स मिळून साठाच्या वर माणसं मारली गेली. तेव्हा अम्मा मुलांना घेऊन नल्लूरच्या कंदस्वामी देवळात होती, हजारोंच्या गर्दीत. “तुला नाही म्हणत मी, पिळ्ळै,” ती म्हणाली आणि परत चिरायला लागली. मी भाजीची देठं गोळा करत बसले.

रात्री वीज गेली. अम्माला जणू बरंच वाटलं. तिने जॅमची रिकामी बाटली काढली, तळाशी कापूस, त्यावर दोन चमचे रॉकेल, तारेच्या आकड्यात वात. बाटलीला वारा लागत नाही आणि तेल पिते थेंबभर. 1990 ते 95 जाफनाला वीज नव्हती. पेट्रोल, साबण, सेल, सिमेंट या सगळ्यांवर सरकारने बंदी घातली होती. तिची मुलं या बाटलीच्या उजेडात परीक्षेला बसली. रेडिओ ऐकायचा तर सायकल उलटी उभी करून एकाने पायडल मारायचं, डायनॅमोच्या विजेवर बीबीसीची तमिळोसै. बातमी मोठी असली की पायडल मारणारा दमायचा आणि ऐन वाक्यात आवाज बसायचा. अप्पांची मोटरसायकल रॉकेलवर चालायची. सुरू करायला मात्र चार थेंब पेट्रोल लागे, ते सलाइनच्या नळीतून सोडायचे. हे सगळं ती हसत सांगत होती. तिचं हसू ओसरलं ते साबणाशी. साबण नसल्याने मुलीच्या डोक्यात झालेल्या उवा, आणि त्यापायी कापावी लागलेली वेणी.

बोलता बोलता तिने नानांची चौकशी केली. बरे आहेत, म्हटलं. वहीचं काही मी बोलले नाही. का नाही, ते तेव्हा माझं मलाच कळलं नाही.

चौथा दिवस : नावट्कुळी

पुत्तलमचा 30 ऑक्टोबर 1990 चा. अम्माचा 1995 चा. तारीख तीच, शहर तेच, मधे पाच वर्षं.

17 ऑक्टोबरला लष्कराची ‘रिविरेस’ मोहीम सुरू झाली होती, तोफांचा आवाज जवळ येत होता. 30 तारखेला संध्याकाळी पुन्हा भोंग्यांच्या गाड्या फिरल्या. या खेपेला इयक्कमने, म्हणजे चळवळीने, सगळे वाघांना इयक्कमच म्हणतात, आपल्याच माणसांना शहर रिकामं करायला सांगितलं. सगळ्यांनी पूर्वेला, तेन्मराट्चीकडे निघा. बाहेर पडायचा मुख्य रस्ता एकच, नावट्कुळीच्या पुलावरून.

तो पूल मला बघायचा होता. अम्मा गुडघे दुखतात म्हणत होती, पण नवा पट्टा बांधून रिक्षात बसली. सोबत चित्तप्पा, तिचे धाकटे दीर, सत्तरीचे, सायकलवर पुढे. शहरापासून सहाएक किलोमीटर. खाडी, वारा, पाण्यात एका पायावर उभे बगळे. पूल अगदीच साधा. अशा पुलाचं नाव आपण लक्षातही ठेवत नाही.

“इथवर यायला आम्हाला पहाटेचे चार वाजले,” अम्मा म्हणाली. चार-पाच लाख माणसं त्या रात्री या बाजूला निघाली होती. पाय टाकायचा म्हणजे पुढच्याने उचलायची वाट बघायची. सायकली होत्या, पण सायकलवर कुणी बसलं नव्हतं. सायकल हा हातगाडा होता. अम्माच्या सायकलच्या कॅरिअरवर सासू, दांड्याला तांदळाची पिशवी, हँडलला कंदील आणि भांडी. अप्पा सायकल धरून, अम्मा मागून सासूला धरून, मुलगी शेजारी, गळ्यात ती पिशवी.

ती पिशवी. मी विचारलं, त्यात काय होतं?

“उरुदि. तिघांचे जन्मदाखले. तिचं गुणपत्रक. अप्पांचं पेन्शनचं पुस्तक. रेशनकार्ड. माझी ताली, मंगळसूत्र, लुगड्याच्या पदराला शिवलेली.” पावसात कागद भिजू नयेत म्हणून आधी प्लास्टिकमध्ये, मग कापडात. काय घ्यायचं याचा निर्णय त्यांनी त्या संध्याकाळी घेतलाच नव्हता. पिशवी 87 पासून दाराआड खुंटीला भरलेलीच होती. त्या संध्याकाळी वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून : कुलूप लावायचं की नाही. अप्पा म्हणाले, लावू. अम्मा म्हणाली, लावलं तर फोडतील, दार जाईल, उघडं ठेवलं तर निदान दार तरी राहील. कडी लावून निघाले. गाईचं दावं सोडलं. ती फाटकापर्यंत मागे आली.

पुढचं चित्तप्पांनी सांगितलं. मध्यरात्री पाऊस आला. तहानेने सगळे कासावीस, खाडीचं पाणी खारं. लोकांनी छत्र्या उघडून उलट्या धरल्या आणि साचलेलं पाणी लहान मुलांना पाजलं. म्हातारी माणसं रस्त्याकडेला बसली ती बसलीच. एकाने वडिलांना तिथेच पुरलं, पावसात, हातांनी. चित्तप्पांनी मदत केली होती. ती जागा कुठली, ते त्यांनी हाताने दाखवलं. मला तिथे नुसतं गवत दिसलं.

चावकच्चेरीला एका शाळेच्या वर्गात नऊ कुटुंबं. बाकं उभी करून खोल्या केल्या. फळ्यावर कोणी किती पाणी भरायचं ते लिहिलेलं. अम्मा म्हणाली की सगळ्यांत कठीण होतं ते रोज सकाळी उठून आज काय करायचं हे ठरवणं, कारण करायला काहीच नसे. अप्पा शिक्षक होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी झाडाखाली गणिताचा वर्ग सुरू केला. पोरांनी कटकट केली. आयांनी त्यांना कान धरून आणून बसवलं. अप्पांना गणित शिकवायची हौस नव्हती, अम्मा म्हणाली, त्यांना सकाळी दाढी करायला कारण हवं होतं.

एप्रिल 1996 मध्ये लष्कर तेन्मराट्चीतही आलं आणि लोक उलटे फिरले. काही वन्नीच्या रानात पुढे गेले. त्यांच्या नशिबी किलिनोच्ची, मुल्लैत्तीवु, 2009 मध्ये जिथे युद्ध संपलं ते मुळ्ळिवायक्काल आणि मग वावुनियाजवळच्या मेनिक फार्म छावणीची तारेची कुंपणं आली. अम्मा म्हणते, आपण मागे फिरलो यात शहाणपण काही नव्हतं. सासूला पुढे चालवत नव्हतं, एवढंच.

घरी आले तर दारं गेली होती. चौकटींसकट. कडी लावलेली असो वा कुलूप, कुणी विचारलं नव्हतं. खिडक्या, कौलं, विहिरीचा रहाट, सगळं. कपाट तेवढं जागेवर होतं. “ते सहा जणांशिवाय हलत नाही,” अम्मा म्हणाली. “91 मध्ये घेतलं तेव्हाही सहा जण लागले होते.”

मुलीला 97 मध्ये जहाजाने त्रिंकोमालीमार्गे कोलंबोला आणि तिथून चेन्नईला पाठवलं. मुलगा आधीच पॅरिसला गेला होता, त्याचे पैसे उंडियलने यायचे. आपली हुंडीच ती. 2008 मध्ये अप्पा गेले तेव्हा ए-9 रस्ता बंद होता, मुलांपैकी कोणी येऊ शकलं नाही. मुलीने अंत्यविधी फोनवर ऐकला. चित्तप्पा फोन हातात धरून चितेपर्यंत चालले. ते सांगताना त्यांनी उजवा हात कानाच्या उंचीवर नेला आणि तो काही वेळ तसाच राहिला.

पाचवा दिवस : वलिकामम उत्तर

चित्तप्पांच्या मित्राच्या स्कूटरवरून मयिलिट्टी, कांकेसन्तुरै. या पट्ट्यातली माणसं 1990 मध्ये उठली आणि जागा पलालीच्या लष्करी तळाभोवतीचं अतिसुरक्षा क्षेत्र झाली. युद्ध 2009 मध्ये संपलं, जमिनी तुकड्या-तुकड्याने परत मिळतायत. मयिलिट्टीचं बंदर 2017 मध्ये. सत्तावीस वर्षं ही कोळी माणसं समुद्रापासून आत, चुन्नाकम-मल्लाकमच्या छावण्यांत राहिली आणि पहाटे सायकलवरून दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर मासेमारीला जायची. छावणीत जन्मलेली पोरं छावणीतच लग्न करून छावणीतच बापही झाली. काही कुटुंबं मी गेले तेव्हाही तिथेच होती.

एक बाई आपल्या जागेवर झुडपं तोडत होत्या. घराची एक भिंतही शिल्लक नाही. जागा ओळखली कशी? “विहिरीवरून,” त्या म्हणाल्या. घर बुलडोझरने सपाट होतं, कुंपण मोडतं, झाडं बदलतात. विहीर मात्र बुजवली तरी गोल राहते. त्यांच्या सासऱ्यांनी विहिरीच्या कठड्यावर सिमेंट ओलं असताना नाण्याने तारीख कोरली होती. ती त्यांनी मला मातीतून हात फिरवून दाखवली. वर्ष पुसलं होतं, महिना राहिला होता. त्यांची वीस वर्षांची मुलगी सावलीत फोन बघत बसली होती. तिला छावणीतल्या मैत्रिणींकडे परत जायचं होतं. “इथे कोण आहे?” तिने मला विचारलं. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

परतताना जुन्या मुस्लिम वस्तीतल्या मूर स्ट्रीटवर चहा. उस्मानिया कॉलेज समोर. अर्ध्या गल्लीत दुकानं उघडलेली, अर्धीत भिंती आणि त्यांतून उगवलेली झाडं. चित्तप्पा कपात बघत, न विचारताच बोलले.

“91 मध्ये इयक्कमने त्यांचं सामान विकायला काढलं. मक्कळ कडै, म्हणजे जनतेचं दुकान. यंत्रं, पलंग, भांडी. अर्धं गाव रांगेत. मी पंखा घेतला.” ते थांबले. “वीज नव्हती. तरी घेतला.”

“नंतर?”

“95 ला कुणीतरी तो माझ्याकडून नेला.”

सहावा दिवस : निघताना

गाडी सकाळची. आदल्या रात्री अम्मा माझी बॅग भरत होती. भाजलेल्या मसाल्याची पुडी, ताडाच्या कंदाचं पीठ, मुलीसाठी मुरुंग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा. त्या कस्टममध्ये काढून टाकतील, सांगून उपयोग नव्हता. दाराआड खुंटीला पिशवी होती. कापड नवं, आतलं तेच. मी बघतेय हे तिने पाहिलं. “आता त्यात गुडघ्याचा एक्स-रे पण आहे,” ती म्हणाली.

मग खुर्ची ओढून समोर बसली. “नाना काय म्हणाले, ते तू सांगितलं नाहीस.”

मी फोन काढला आणि वहीचं पान दाखवलं. तिला अक्षर लागेना, चष्मा होता तरी. म्हणाली, तू वाच. पानभर तमिळ मला एका दमात वाचता येत नाही, अडखळत वाचत गेले. आधी शेवटचं पान, गिऱ्हाइकांचं. नाव आलं की ती सांगायची : हा लंडनला. ही वारली. हा पोस्टातला. सातव्या नंबराला तिने पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने हसली. “बाही! दोन आठवडे मी शोधत होते तो गणवेश. सदरा पण होता की अप्पांचा, तो नाही लिहिला?”

“तो त्यांना आठवतोय. विचारत होते.”

“पहिल्यापासून वाच.”

शिवणयंत्रं, पायाची, तीन. हाताचं, एक. कात्री. इस्त्री, कोळशाची. सागवानी कपाट, एक, दाराला आरसा.

अम्माने मागे वळून पाहिलं नाही. कपाट तिच्या पाठीशीच होतं, बाटलीतल्या वातीचा उजेड त्याच्या दारावर हलत होता.

“ह्याला आरसा नव्हता,” ती म्हणाली.

मी पुढची ओळ वाचली. बकऱ्या, दोन. त्यातली एक गाभण.